स्कॅननंतरचे काम



गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या अनेक ग्रंथालयांनी आणि संस्थांनी आपली जुनी पुस्तके, मासिके, वृत्तपत्रे स्कॅन करून घेतली. कसर आणि ओल यांच्या तावडीतून हजारो पाने सुटली. हे काम करणाऱ्यांचे ऋण आपल्यावर आहे. पण स्कॅन केलेले पान हा पानाचा फोटो असतो. संगणकाला त्यात अक्षरे दिसत नाहीत, नुसते काळे-पांढरे ठिपके दिसतात. अशा पाचशे पानांच्या पीडीएफमध्ये ‘दुष्काळ’ हा शब्द शोधायला गेलात, तर हाती काही लागत नाही. उतारा उचलून घेता येत नाही. अंध वाचकाच्या संगणकावरचा वाचून दाखवणारा प्रोग्राम त्या पानापाशी गप्प होतो. मला आज एवढेच सांगायचे आहे, की स्कॅनने अर्धीच वाट चालून झाली आहे. उरलेली वाट यंत्राने आणि माणसाने मिळून चालायची आहे, आणि त्यातला माणसाचा वाटा आपण फार थोडा उचलला आहे.

चित्रातून मजकूर काढण्याच्या या तंत्राला ओसीआर म्हणतात. त्याच्या वाढीत अंध वाचकांच्या गरजेचा मोठा भाग आहे. अमेरिकेत रे कर्झवाइल यांनी १९७६ साली छापील पान वाचून मोठ्याने बोलून दाखवणारे यंत्र लोकांपुढे आणले, ते अंधांसाठीच. आज सर्वांना फुकट मिळणारा टेसरॅक्ट हा प्रोग्राम एचपी कंपनीत १९८५ पासून पुढे दहाएक वर्षे घडला आणि २००५ साली खुला झाला. २०१८ साली आलेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीपासून तो सबंध ओळ एका प्रवाहासारखी वाचतो. त्याला मराठीही येते. गूगल डॉक्समध्येही पानाचे चित्र उघडले की मराठी मजकूर समोर येतो. साधने आहेत, आणि ती आपल्या घरात आहेत.

ही साधने आधी पान सरळ करतात, डाग काढतात, स्तंभ आणि ओळी वेगळ्या करतात आणि मग अक्षरे ओळखतात. यातली प्रत्येक पायरी मराठीत अडखळते. ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू झालेले बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ घ्या. त्यात मराठी आणि इंग्रजी स्तंभ शेजारी-शेजारी आहेत. यंत्राने स्तंभ नीट ओळखले नाहीत, तर मराठी वाक्याच्या मध्येच इंग्रजी वाक्य घुसते. आपल्या लिपीत शिरोरेषा सगळी अक्षरे एकत्र बांधते, जोडाक्षरांचे शेकडो आकार आहेत, आणि मात्रा-वेलांट्या अक्षराच्या चारही बाजूंना बसतात. खिळ्यांच्या छपाईत मात्रा कधी शिरोरेषेपासून सुटते, तर अनुस्वार कधी झिजून नाहीसा होतो. मग ‘घ’चा ‘ध’ होतो, ‘भ’चा ‘म’, ‘ब’चा ‘व’, ‘ष’चा ‘प’. ‘ख’ फुटून ‘रव’ होतो. एकोणिसाव्या शतकातल्या शिळाछाप पुस्तकांत तर अक्षर हातानेच लिहिलेले असते. टाइप वाचायला शिकलेले यंत्र तिथे फार लवकर हात टेकते.

‘अठ्ठ्याण्णव टक्के अचूक’ हे ऐकायला छान वाटते. पण एका पानावर दोन हजार अक्षरे धरली, तर दोन टक्के म्हणजे चाळीस चुका. तीनशे पानांच्या पुस्तकात बारा हजार. आणि सगळ्या चुका सारख्या वजनाच्या नसतात. ‘धर’ दिसले, तर तिथे ‘घर’ हवे, हे वाचक संदर्भाने ओळखतो. पण छपाई पुसट असेल तर यंत्र ‘१८१८’चे ‘१८९८’ करू शकते. पेशवाईचा शेवट ऐंशी वर्षे पुढे ढकलला जातो, आणि वाक्य मात्र निर्दोष दिसते. म्हणून मी म्हणतो, आकडे आणि नावे माणसाने डोळ्यांखालून घालायलाच हवीत.

याहून नाजूक धोका ‘सुधारणे’चा आहे. नव्या यंत्रांना भाषेचा अंदाज असतो, आणि तो अंदाज आजच्या मराठीचा असतो. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या पुस्तकात ‘करावें’, ‘घरें’ असेच छापलेले आहे. यंत्र तो अनुस्वार गाळते आणि पान आजचे होऊन बसते. सावरकरांच्या लिपिसुधारणेप्रमाणे ‘किर्लोस्कर’ मासिकात ‘अितिहास’ असे छापले जाई. यंत्राने तो ‘इतिहास’ केला, तर त्या चळवळीची खूणच पुसली जाईल. तसाच ठेवला, तर ‘इतिहास’ शोधणाऱ्याला तो सापडणार नाही. यावर उपाय आहे. मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवावा, शोधासाठी आजच्या लेखनाचा दुसरा थर त्याच्यामागे द्यावा, आणि पानाचे चित्र दोघांच्या शेजारी कायम असावे. शंका आली, की वाचकाने मूळ पान पाहावे.

ही शिस्त आपल्याला परकी नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. हस्तलिखिते ताडून पाहिली, पाठ निवडला, आणि न निवडलेले पाठही तळटीपांत नोंदवून ठेवले. यंत्राने काढलेल्या मजकुराकडे त्याच सावधपणाने पाहिले पाहिजे. तो कच्चा पाठ आहे. त्याला मुद्रितशोधक लागतो.

मुद्रितशोधन अनेकांना मिळून करता येते. मराठी विकिस्रोत या संकेतस्थळावर एका बाजूला पानाचे चित्र असते आणि दुसऱ्या बाजूला मजकूर. न तपासलेले पान लाल, एकाने तपासले की पिवळे, दुसऱ्या व्यक्तीने पुन्हा तपासले की हिरवे. पान हिरवे करायला दोन माणसे लागतात, हा त्यातला सर्वांत शहाणा नियम आहे. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याचे साहित्य आपल्याकडे स्वामित्वहक्कातून मोकळे होते. म्हणजे आपले एकोणिसावे शतक आणि विसाव्याचाही मोठा भाग या कामासाठी खुला आहे.

मोडी या आपल्या जुन्या लिपीची गोष्ट तर अधिक निकडीची आहे. पेशवे दफ्तरातल्या मराठी कागदांचा मोठा भाग मोडीत आहे. मोडीला २०१४ साली युनिकोड या संगणकाच्या अक्षरसंकेतात जागा मिळाली, पण हात न उचलता लिहिलेले ते अक्षर वाचायला यंत्र शिकेल ते उदाहरणांवरूनच. त्यासाठी कागदाचे चित्र आणि त्याचे नेमके देवनागरी वाचन अशा जोड्या लागतात. त्या जोड्या मोडी वाचणारी माणसेच देऊ शकतात. त्यांचे वाचन त्यांच्या हयातीत नोंदवून घेतले पाहिजे.

म्हणून माझी या सभागृहाकडे एक मागणी आहे. आपल्या गावातल्या ग्रंथालयाने हक्कमुक्त झालेले एक पुस्तक निवडावे. गावाचा जुना इतिहास चालेल, एखाद्या बंद पडलेल्या मासिकाचे वर्षही चालेल. शाळा-महाविद्यालयातल्या मुलांनी यंत्राकडून मजकूर काढावा. ज्यांना जुने लेखन वाचायची सवय आहे, त्या ज्येष्ठांनी तो ताडून पाहावा. मुलांकडे यंत्राची ओळख आहे आणि ज्येष्ठांकडे भाषेची. या कामाला दोन्ही लागतात. आपल्या पूर्वसुरींनी खिळा-खिळा जुळवून हे ग्रंथ आपल्यापर्यंत आणले. ते शोधता यावेत, ऐकता यावेत, पुन्हा छापता यावेत, एवढी सोय पुढच्या पिढीसाठी करणे आपल्या हातात आहे. पुढच्या वर्षी ही व्याख्यानमाला भरेल तेव्हा असे एक तरी पुस्तक पूर्ण तपासून झालेले असावे, हे आज इथेच ठरवू या.