काळीज झाडावर ठेवले आहे



बांटू लोकांच्या कथांवर बोलणार असे कळताच एका स्नेह्यांनी मला विचारले, "आफ्रिकेचा आणि आपल्या गावाचा संबंध काय?" प्रश्न रास्त आहे. खडकीला १६१० मध्ये नगराचे रूप देणारा आणि नहरीचे पाणी खेळवणारा मलिक अंबर आफ्रिकेचाच होता. पण तो हबसाणातला, आजच्या इथिओपियाकडचा. बांटू भाषांचा मुलूख त्याच्या दक्षिणेला आहे, तेव्हा अंबरला बांटू ठरवण्याची घाई आपण करू नये. आपले नाते निराळ्याच वाटेने जुळते, आणि ती वाट गोष्टीची आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. 'न्तु' म्हणजे माणूस आणि 'बा' हा अनेकवचनाचा उपसर्ग. म्हणून 'बांटू' म्हणजे माणसे. विल्हेल्म ब्लीक या जर्मन पंडिताने एकोणिसाव्या शतकात हे नाव भाषाकुलाला दिले. स्वाहिली, झुलू, याओ अशा सुमारे पाचशे भाषा या कुलात येतात. यांतील बहुतेकांचे वाङ्मय शतकानुशतके मुखानेच चालत आले. आपल्या ओव्या आणि कहाण्या तरी दुसऱ्या कशावर जगल्या?

तिकडेही गोष्ट एकट्याने सांगायची नसते. स्वाहिली सांगणारा "पाउक्वा!" म्हणून हाक घालतो आणि ऐकणारे "पाकावा!" म्हणून ओ देतात, मग कथा उघडते. आपल्याकडे आजीला हुंकार लागतो. हुंकार थांबला की पोर झोपले असे समजून आजीही थांबते. झुलू घरांत दिवसा गोष्ट सांगायची नाही, नाहीतर डोक्याला शिंगे फुटतात असे बजावतात. यातले शहाणपण उघड आहे. दिवस कामाचा, रात्र कथेची.

विषयही लहान नसतात. माणूस मरतो का, याचे उत्तर झुलू लोक एका गोष्टीत देतात. देवाने सरड्याबरोबर निरोप धाडला की माणसे मरणार नाहीत. रंग बदलणारा तो सरडा वाटेत फळे खात रेंगाळला. मागाहून देवाने पालीला उलटा निरोप देऊन पाठवले. पाल आधी पोचली. लोकांनी तिचा शब्द ऐकला आणि तोच कायम झाला. उशिरा पोचलेला निरोप खरा असूनही वाया जातो, हे दुःख आपल्याला का परके आहे?

आता नात्याकडे वळतो. एडवर्ड स्टीअर यांनी झांजिबारच्या कथा जमवून १८७० मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांत एका माकडाची गोष्ट आहे. किनाऱ्यावरच्या झाडावरून ते एका शार्क माशाला फळे टाकते. दोघांची मैत्री जमते. मासा त्याला पाठीवर घेऊन निघतो आणि भर समुद्रात सांगतो की आमचा सुलतान आजारी आहे, त्याला औषधाला माकडाचे काळीज हवे. पुढचे आपण सर्वजण मनात म्हणू लागला आहात! "अरे, काळीज तर मी झाडावर ठेवून आलो."

पंचतंत्राच्या चौथ्या तंत्रातली ही गोष्ट. आपली मगर तिथे शार्क झाली, मगरीच्या बायकोचा हट्ट जाऊन सुलतानाचे दुखणे आले. पुढे येणाऱ्या धोब्याच्या गाढवाच्या गोष्टीत कोल्ह्याची जागा सशाने घेतली, कारण बांटू कथांतला खरा धूर्त ससाच. धोब्याला मात्र स्वाहिलीत अजून 'दोबी'च म्हणतात. अरबी 'कलीला व दिम्ना' या ग्रंथाची वाट होती, तशी गलबतांवरच्या माणसांच्या तोंडचीही होती. गोष्टीला परवाना लागत नाही.

पण माणसे बेड्यांतूनही आली. गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले १८६० च्या सुमारास नाशिकच्या शरणपूर येथे ठेवली जाऊ लागली. त्यांत बांटू भाषा बोलणारी मुले होती. त्यांतलाच जेकब वेनराइट हा याओ तरुण पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या शवाबरोबर लंडनला गेला आणि एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतील अंत्यविधीला उभा राहिला. आईने हाक मारलेल्या नावाने इतिहास त्याला ओळखत नाही.

त्याच काळात मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कन्येने, मेरीने, दख्खनच्या दौऱ्यात आपली आया ॲना लिबेराता डिसूझा हिच्याकडून गोष्टी ऐकून लिहून घेतल्या. त्यांचे पुस्तक १८६८ मध्ये निघाले. त्याच साली हेन्री कॅलवे यांचा झुलू कथांचा संग्रहही छापून झाला. आयेला विचारणारे कोणी भेटले, झुलू म्हाताऱ्यांना भेटले. शरणपुरातल्या पोरांना सुतारकाम शिकवले, प्रार्थना शिकवली. पण रात्री अंथरुणावर ती एकमेकांना काय सांगत असतील? ज्या गोष्टीला हुंकार मिळाला नाही ती कुठे गेली?

हा प्रश्न नाशिकपुरता नाही. आपल्या विद्यापीठात शिकवणारे डॉ. प्रभाकर मांडे यांनी मराठवाड्याच्या लोकसाहित्यासाठी आयुष्य वेचले. आज ते हयात नाहीत. सर्व भार एका विद्वानावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. वैजापूर-पैठणकडच्या आपल्या घरांत अजून एखादी वृद्धा आहे, जिला तिच्या आजीची कहाणी येते. नातवंडे शहरात आहेत आणि तिच्यापुढे हुंकार द्यायला कोणी बसत नाही.

श्रोतेहो, आपलेही काळीज असेच कुठल्या तरी झाडावर ठेवलेले आहे. फरक इतकाच, की माकडाला ते झाड ठाऊक होते. आज घरी गेल्यावर घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसा, एक गोष्ट मागा आणि ती संपेपर्यंत हुंकार द्या. जमल्यास ती वहीत उतरवा, सांगणाऱ्याचे नाव वर घालून. सरडा उशिरा पोचला. आपण तरी उशीर करू नये.