वाळू आपली, चुंबकं त्यांची
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी बजावलं होतं, "दहा मिनिटं बोल, पण कॉम्प्युटरवर नको." म्हणून आज चीनवर बोलते. चीन म्हटलं की आपल्याला सीमा आठवते, नाहीतर स्वस्त खेळणी. मी सांगणार आहे एका चुंबकाची गोष्ट.

प्रयोगशाळेत आपण लोहकीस नाचवायचो ते साधं चुंबक. हे निओडिमियमचं, आकाराने लहान आणि ताकदीला जबरदस्त. विजेवरची स्कूटर, पवनचक्की, मोबाइलचा स्पीकर, क्षेपणास्त्र, सगळीकडे ते लागतं. १९८०च्या दशकात जपानमध्ये आणि अमेरिकेत ते जवळजवळ एकाच वेळी तयार झालं. मग ते चीनच्या हाती गेलं कसं?

निओडिमियम ज्या १७ मूलद्रव्यांच्या गटात येतं, त्यांना 'दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं' म्हणतात. नाव दुर्मीळ असलं तरी ती बऱ्याच देशांत सापडतात. कठीण असतं ते त्यांना एकमेकांपासून वेगळं करणं. त्यांचे गुणधर्म इतके सारखे, की आम्लं आणि द्रावकं वापरून तीच क्रिया पुन्हा पुन्हा करावी लागते. मागे घातक कचरा उरतो. हे किचकट काम इतरांनी हळूहळू सोडून दिलं. कॅलिफोर्नियातली माउंटन पास खाण एकेकाळी जगात पहिली होती. ती २००२मध्ये बंद पडली. जनरल मोटर्सने आपली चुंबकांची कंपनी १९९५मध्ये विकली. खरेदीदारांत चिनी कंपन्या होत्या. काही वर्षांत इंडियाना राज्यातला कारखाना बंद झाला आणि काम चीनला गेलं.

चीनने ते चिकाटीने धरून ठेवलं, सरकारने पाठबळ दिलं. त्याची किंमतही तिथल्या लोकांनी मोजली. बाओटौ शहराबाहेरचा विषारी गाळाचा तलाव तिची साक्ष देतो. आज खाणकामात चीनचा वाटा साधारण ६० टक्के आहे, तर शुद्धीकरणात आणि चुंबकांत ९० टक्क्यांच्या आसपास.

या पकडीचा उपयोग कसा होतो, ते २०१०मध्ये दिसलं. सेनकाकू बेटांजवळ जपानने चिनी मासेमारी बोटीच्या कप्तानाला अटक केली आणि थोड्याच दिवसांत जपानकडे जाणारा हा माल अडला. बंदी घातल्याचं चीनने नाकारलं, पण जपानला इशारा कळला. एप्रिल २०२५मध्ये अमेरिकेने आयातशुल्क वाढवलं, तेव्हा चीनने यातली सात मूलद्रव्यं आणि त्यांची चुंबकं यांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. भांडण बीजिंग आणि वॉशिंग्टनचं. पण जुलैमध्ये आपल्या पुण्याच्या बजाज ऑटोला विजेवरच्या दुचाकींचं उत्पादन घटवावं लागलं.

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात एक गोष्ट सुरुवातीलाच शिकवतात: सगळी यंत्रणा एकाच दुव्यावर टांगून ठेवू नका. इथे अख्ख्या जगाने तेच केलं.

आपल्याकडे काय होतं? केरळच्या किनाऱ्यावर मोनाझाइटची वाळू होती. 'इंडियन रेअर अर्थ्स' ही सरकारी कंपनी १९५०मध्येच स्थापन झाली होती. शास्त्रज्ञही होते. वाळूपासून चुंबकापर्यंतची साखळी मात्र मोठ्या प्रमाणावर उभी राहिली नाही.

जपानने २०१०नंतर ऑस्ट्रेलियातल्या खाणीत पैसा गुंतवला, मलेशियात शुद्धीकरण उभं राहायला मदत केली, जुन्या वस्तूंतून धातू परत मिळवायला सुरुवात केली. एवढं करून चीनवरचं त्याचं अवलंबित्व सुमारे ९० टक्क्यांवरून ६० टक्क्यांच्या आसपास आलं. म्हणजे चिनी मालाची होळी करून हा प्रश्न सुटत नाही. त्याला वर्षानुवर्षं काम करावं लागतं. नोव्हेंबर २०२५मध्ये आपल्या केंद्र सरकारनेही वर्षाला ६,००० टन चुंबकं देशात बनावीत म्हणून ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. पैसा झाला. आता हे काम जाणणारी माणसं लागतील, आणि ती शाळेतूनच यायची आहेत.

आपल्या वर्गातले बहुतेक इंजिनिअर कॉम्प्युटरकडे वळले, त्यात मीही आले. म्हणून समोर बसलेल्या पालकांना आणि सर-बाईंना एक विनंती. उद्या एखादी मुलगी म्हणाली, "मला धातुशास्त्र शिकायचंय," तर तिला "त्यात स्कोप काय?" असं विचारून गप्प बसवू नका. तिची खूप गरज आहे.