बाक उचलणारी मुलगी

(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)

स्त्री-पुरुष समतेचा ठराव या शिबिरात मांडला जाईल आणि तो एकमताने संमतही होईल. त्याला विरोध करणारा कार्यकर्ता आपल्या चळवळीत शोधूनही सापडावयाचा नाही. तेव्हा विरोधकांची चिंता आज बाजूला ठेवू आणि अशा ठरावांना मनःपूर्वक अनुमोदन देणाऱ्या एका कार्यकर्त्याच्या घरी काय घडले ते पाहू.

हा कार्यकर्ता तालुक्याच्या गावी बाजार समितीतील हमालांची संघटना चालवतो. दरवर्षी ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीच्या सभेत तो तळमळीने बोलतो. त्याची मुलगी नऊ वर्षांची आहे. तिच्या शाळेत पाहुणे यावयाचे होते. गुरुजींनी रिवाजाप्रमाणे कामे वाटून दिली : मुलांनी बाक उचलून पटांगणात न्यावेत, मुलींनी रांगोळी काढावी आणि पाहुण्यांना ओवाळावे. मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “गुरुजी, मला रांगोळी येत नाही, मी बाक उचलते.” मग वर्गातल्या एका मुलाकडे बोट दाखवून तिने सांगितले, “याला फार छान रांगोळी येते. ती याला काढू द्या.” वर्ग हसला. तो मुलगा शरमून खाली पाहू लागला. मुलीने मात्र एका मैत्रिणीला हाक मारली, दोघींनी बाकाची दोन टोके धरली आणि बाक पटांगणात नेऊन ठेवला. संध्याकाळी घरी निरोप आला : मुलगी उलट उत्तरे देते, तिला समज द्यावी.

बापाने मुलीला जवळ बोलावून सांगितले, की उद्या गुरुजींची क्षमा मागावयाची. मुलीने विचारले, “मागते, पण कशाची मागायची ते सांगा. बाक पडला नाही, कुणाला लागलंही नाही.” तिच्या स्वरात उद्धटपणाचा लवलेश नव्हता. आपला अपराध कोणता, हे तिला खरोखरच जाणून घ्यावयाचे होते. शेकडो हमालांसमोर तासभर बोलणाऱ्या त्या माणसाला उत्तर सुचले नाही.

त्या रात्री त्याला झोप आली नाही. मुलीचा राग आला म्हणून नव्हे, तर तिची भीती वाटली म्हणून. इतकी ताठ मुलगी उद्या लोकांच्या घरी कशी नांदणार, हे वाक्य त्याच्या मनात आले आणि ते आपण पूर्वी कुठे ऐकले, हेही त्याला आठवले. त्याच्या धाकट्या बहिणीविषयी त्याची आई नेमके हेच म्हणत असे. ती बहीण विहिरीच्या काठावरून सूर मारी, चिंचेच्या शेंड्यापर्यंत चढे. तीच बहीण वडील वारल्यावर दुय्यम निबंधकांच्या कचेरीत आली आणि वडिलोपार्जित जमिनीच्या हक्कसोडपत्रावर मुकाट्याने सही करून गेली. जुलूम कुणी केला नव्हता. सही झाल्यावर सर्वांनी तिच्या मोठ्या मनाचे कौतुक केले होते. ते मन मोठे होते की लहानपणापासून वाकवत आणलेले होते, हा प्रश्न भावाला त्या रात्री प्रथम पडला. कशाचा हक्क सोडू, आणि का सोडू, असे तिने विचारले असते तर त्याच्यापाशी तेव्हाही उत्तर नव्हते.

मित्रहो, कायद्यापाशी मात्र उत्तर आहे. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा महाराष्ट्राने १९९४ मध्ये मान्य केला. २००५ मध्ये तो साऱ्या देशासाठी हिंदू वारसा कायद्यात आला. त्या वेळी बाप हयात असो वा नसो, मुलीचा हक्क कायम राहतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. तरीही हक्कसोडपत्रे होतच आहेत. याचे कारण केवळ अज्ञान नाही. सासरी काही बिनसले तर परतावयाला माहेर हा एकच आसरा बाईला असतो, आणि त्या आसऱ्याचे मोल म्हणून तिच्याकडून जमीन घेतली जाते. ज्या व्यवस्थेत बाईला स्वतःचे घर नाही, तिथे तिचा भिडस्तपणा हा स्वभाव नसून तिच्या निराधारपणाचे रूप असते. नऊ वर्षांच्या मुलीला द्यावयाची ‘समज’ ही त्या सहीची पूर्वतयारीच होय.

मुलींमध्ये आत्मविश्वास निर्माण केला पाहिजे, असे आपण भाषणांतून सांगतो. वस्तुतः तो त्यांच्यापाशी असतोच. काढून घेण्याचे काम तेवढे आपण करतो. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. तो लिहिणारी मुक्ता ही जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मांग समाजाची किशोरवयीन विद्यार्थिनी होती. शाळेने तिला अक्षर दिले आणि तिचे म्हणणे ऐकून घेतले. एवढे मिळताच त्या मुलीने धर्माच्या ठेकेदारांना जाब विचारला. डॉ. राममनोहर लोहियांनी सप्तक्रांतीत नर-नारी समतेला स्थान दिले, आणि आदर्श म्हणून सावित्रीपेक्षा द्रौपदीला पसंती दिली, तीही याच दृष्टीने. भर सभेत द्रौपदीने विचारलेल्या प्रश्नाने भीष्मांनाही निरुत्तर केले होते. प्रश्न विचारणारी स्त्री पुराणात आपल्याला वंदनीय वाटते. ती घरात जन्मली की आपण शाळेत क्षमा मागावयाला निघतो.

आणि त्या रांगोळी काढणाऱ्या मुलाचेही विस्मरण होऊ नये. त्याच्या बोटांतली कला वर्गाच्या हसण्याने लपवावयास लावली. विषमतेचा भार मुलींवर अधिक पडतो हे खरेच, पण मुलगेही तिच्यातून धड सुटत नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाप शाळेत गेला. क्षमा न मागता त्याने गुरुजींना एवढेच विनविले, की कामे वाटण्यापूर्वी कुणाला काय येते हे मुलांना विचारावे. गुरुजी भले गृहस्थ होते. त्यांनी ते मानले. शाळेतले काम असे एका भेटीत झाले. घरातले काम अजून व्हावयाचे आहे. बहिणीचा हिस्सा तिला परत द्यावा, असे त्याने घरी बोलून दाखविले, तेव्हा थोरला भाऊ रागावला आणि बायको काळजीत पडली. आता नको म्हणून खुद्द बहिणीनेच निरोप धाडला. एकदा वाकविलेला कणा सरळ होण्याला किती काळ लागतो, याची कल्पना त्या निरोपावरून येते.

म्हणून ठरावाला हात वर करण्यापूर्वी प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या घरचा सात-बारा एकवार वाचून पाहावा. बहिणीचे नाव त्यावर आहे काय? नसेल तर ते कुणी, केव्हा आणि कोणत्या गोड शब्दांनी काढविले? हा प्रश्न आज आपण स्वतःला विचारला नाही, तर उद्या आपल्याच मुली तो आपल्याला विचारतील. आणि त्यांनी तो विचारावा, यातच या चळवळीचे यश आहे.