फिरते घर आणि त्याचे ओझे



नोकरीतून निवृत्त झालेला मनुष्य ट्रकच्या पाठीवर छोटेसे घर चढवितो आणि एकटाच दूरच्या प्रवासास निघतो, हे दृश्य अमेरिकेत नवे नाही. उघडा हौदा असलेल्या लहान ट्रकला तेथे ‘पिकअप’ म्हणतात; त्या हौद्यात बसविलेली व मुक्कामी उतरवून ठेवता येणारी खोली म्हणजे ‘ट्रक कॅम्पर’. आपल्याकडील वानप्रस्थाशी या प्रवासाची तुलना करण्याचा मोह होतो. परंतु वानप्रस्थी घर सोडून जात असे; हा प्रवासी घर बरोबर नेतो. साहजिकच किती घर न्यावे, हा त्याच्यापुढील पहिला प्रश्न ठरतो.

या प्रश्नाला व्यावहारिक बाजू आहे. प्रत्येक ट्रकला भाराची मर्यादा असते. कॅम्पर, पाणी, गॅसच्या टाक्या, भांडीकुंडी आणि स्वतः प्रवासी, या सर्वांचे वजन तीत बसले पाहिजे. शंभर लिटर पाणी म्हणजेच शंभर किलो. कॅम्परचा भार मागच्या आसाच्याही मागे गेला, तर पुढची चाके हलकी होतात आणि वळणावर ट्रक आवरत नाही.

प्रसिद्ध कादंबरीकार जॉन स्टाइनबेक १९६० च्या सप्टेंबरात, वयाच्या ५८ व्या वर्षी, अशाच वाहनातून देश पाहावयास निघाले. लेखकाला निवृत्ती नसते. पण प्रकृती ढासळू लागली होती आणि रुग्ण म्हणून जपून जगणे त्यांना मान्य नव्हते. डॉन किहोतेच्या घोड्यावरून त्यांनी ट्रकचे नाव ‘रोसिनान्ते’ ठेवले आणि चार्ली हा म्हातारा कुत्रा सोबत घेतला. वाचावयाची राहून गेलेली दीडशे पौंड, म्हणजे सुमारे ६८ किलो पुस्तकेही त्यांनी भरली. सर्वच सामान गरजेच्या चौपट झाले होते, असे पुढे त्यांनीच लिहिले. ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ हे त्यांचे प्रवासवर्णन १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुस्तकावरून वाटतात तितके ते एकटे नव्हते. अनेक दिवस पत्नी बरोबर होती, असे नंतरच्या शोधातून दिसून आले आहे.

एकट्याचे स्वातंत्र्यही इतरांच्या आधारावरच उभे असते. अमेरिकेत संघराज्याच्या मालकीच्या पुष्कळ मोकळ्या जमिनींवर साधारणतः १४ दिवस विनामूल्य मुक्काम करता येतो. ६२ वर्षांवरील नागरिकांना राष्ट्रीय उद्यानांसाठी सवलतीचा आजीव परवाना मिळतो. सार्वजनिक रस्ते आणि या सार्वजनिक भूमीवाचून हा प्रवास सामान्य निवृत्तिवेतनात बसला नसता.

तथापि सारेच वृद्ध हौसेने निघालेले नसतात. जेसिका ब्रुडर यांच्या २०१७ च्या ‘नोमॅडलँड’ या पुस्तकात २००८ च्या आर्थिक संकटानंतर घरभाडे परवडेना म्हणून वाहनातच राहू लागलेली आणि हंगामी मजुरी करीत हिंडणारी वयस्क माणसे भेटतात. रस्ता तोच, वाहनेही तशीच. परंतु त्यांना परतावयास घर नाही.

स्टाइनबेक यांचा प्रवास, त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे, व्हर्जिनियातील ॲबिंग्डनजवळ संपला. घर अद्याप शेकडो मैल दूर होते. मन मात्र पुढे जाऊन पोहोचले होते. ज्याची कोठे तरी वाट पाहिली जाते, त्याच्याच प्रवासाला असा शेवट लाभतो. उतारवयात निघणाऱ्याने ट्रकमधील सामान जरूर तोलावे. पण आपल्या परतण्याची वाट कोण पाहत आहे, याचाही विचार निघण्यापूर्वीच करावा.