उंची मजल्यांची आणि विकासाची



१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. कोळगाव येथे सिडकोने जिल्हा मुख्यालय उभारले. २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. बोईसरला बुलेट ट्रेनचे स्थानक होत आहे. आता नवनगरातील जमिनीवर किती मजले चढवायचे, हा वाद अटळ आहे.

त्या वेळी गिरणगावाचे स्मरण ठेवावे. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे केले : सार्वजनिक मोकळी जागा, सामान्यांची घरे आणि मालकाचा विकास. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. मनोरे उभे राहिले. गिरणी कामगार मात्र घराच्या सोडतीची वाट पाहत राहिला.

आपल्याकडे धोका आणखी एक. डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसू लागले. सूर्येच्या पाण्यावर तर वसई-विरारचाही भार आहे. म्हणून प्रत्येक प्रस्तावाला आधी विचारावे : भूकंपरोधक रचना कोणती? पाणी कोठून? तारापूरच्या कामगाराला आणि वनवासी बांधवाला घर किती?

पं. दीनदयाळजींनी १९६५ मध्ये मुंबईतच एकात्म मानवदर्शनावर चार व्याख्याने दिली. अंत्योदय हीच त्यांची कसोटी होती. मनोऱ्यांना आपला विरोध नाही. परंतु सामान्यांचा वाटा आराखड्यातच लिहून घ्यावा लागेल. त्यासाठी हरकती-सूचनांच्या मुदतीत प्रत्येक वस्तीतून लेखी निवेदन गेले पाहिजे. ते काम आपले आहे.