आधी पाणी तपासा

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेवर विषय छापलाय ‘शेल गॅस: वरदान की संकट?’ त्याचा निवाडा करायला मी आलेलो नाही. माझी सगळी नोकरी भूजलाच्या कामात गेली आणि त्या नोकरीनं एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसवली. जमिनीला हात लावण्याआधी पाणी तपासा आणि त्याची नोंद ठेवा. अमेरिकेची गोष्ट सांगणार आहे ती त्यासाठीच.

खडक खोलवर कसा तडकवतात, पाणी, वाळू आणि रसायनं केवढ्या दाबानं सोडतात, हे तुम्ही वाचलेलं आहे. टेक्सासच्या जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीनं १९९० च्या दशकात हे तंत्र फायद्यात आणून दाखवलं, एवढं सांगून मी थेट डिमॉकला जातो.

डिमॉक हे पेनसिल्व्हेनियाच्या सस्क्वेहाना काउंटीतलं छोटं गाव. खाली मार्सेलस शेल हा गॅसचा खडक. आपल्याकडे जमिनीखालचा गॅस सरकारचा, तिथे तो बहुधा जमीनमालकाचा. त्यामुळे कंपन्यांची माणसं करारपत्रं घेऊन घरोघर फिरली. गॅसवरच्या रॉयल्टीचा तिथल्या कायद्यातला किमान दर किती, सांगू? साडेबारा टक्के! (हशा) उरण-पनवेलची मंडळी आलेली दिसतात. जमिनीच्या मोबदल्यातला हा आकडा तुम्हाला समजावून सांगायला नको.

१ जानेवारी २००९ रोजी तिथल्या एका घराच्या पाण्याच्या विहिरीत स्फोट झाला. वरचं काँक्रीटचं झाकण फुटलं. विहिरीत मिथेन साठला होता. राज्याच्या पर्यावरण खात्यानं कॅबट ऑइल अँड गॅस कंपनीवर ठपका ठेवला आणि २०१० मध्ये त्या टापूत नव्या खोदाईला मनाई केली. कंपनी म्हणाली, इथल्या पाण्यात मिथेन पूर्वीपासूनच आहे. आणि मंडळी, हे म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. त्याच काउंटीत सॉल्ट स्प्रिंग्ज नावाचा झरा आहे, त्यातून मिथेनचे बुडबुडे येतात. कोणी खडक तडकवण्याच्या कितीतरी आधीपासून येतात.

मग खरं कोणाचं? शेल दीड-दोन किलोमीटर खोल, घरांच्या विहिरी शे-दीडशे मीटरच्या आत. तडे एवढे वर येत नाहीत. पण गॅसचं भोक वरच्या प्रत्येक थरातून जातं. त्यात लोखंडी केसिंग उतरवतात आणि केसिंग व खडक यांच्यामधल्या फटीत सिमेंट भरतात. ते कुठे पोकळ राहिलं की मधल्या थरांतला गॅस त्या फटीतून वर चढतो आणि पिण्याच्या पाण्यात शिरतो. दोष बहुतेक वेळा या सिमेंटचा असतो.

आता हे तपासायचं कसं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण वर्तमानपत्रात ते येत नाही. पंप बराच वेळ चालवायचा, पाइपातलं साठलेलं पाणी जाऊ द्यायचं. बादली भरून घ्यायची. बाटली बादलीत पूर्ण बुडवायची, नळी बाटलीच्या तळाला टेकवायची आणि आतलं पाणी दोन-तीनदा बदलेल इतकं वाहू द्यायचं. झाकण पाण्याखालीच लावायचं. बाटली उलटी करून उजेडात धरायची. मोहरीएवढा जरी बुडबुडा दिसला तरी ती ओतून टाकायची आणि पुन्हा भरायची, कारण विरघळलेला वायू त्या बुडबुड्यात निघून येतो आणि आकडा खोटा पडतो. मग बर्फात ठेवून प्रयोगशाळेत. तिथे इथेनचं प्रमाण आणि कार्बनचे समस्थानिक पाहून हा गॅस दलदलीतला की खोल खडकातला, हे सांगता येतं. पण गेल्या वर्षी तो तिथे होता का, हे त्या बाटलीला सांगता येत नाही. त्यासाठी गेल्या वर्षीची बाटली लागते!

शेजारी पाया खणायला लागला की शहाणा माणूस आधी आपल्या भिंतीचे फोटो काढतो. तेवढंच.

ड्यूक विद्यापीठानं २०११ मध्ये साठ विहिरी तपासल्या. गॅसविहिरीपासून किलोमीटरच्या आत मिथेन लांबच्या विहिरींच्या सरासरी सतरा पट निघाला. लगेच आक्षेप आला: आधीचे आकडे कुठे आहेत? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं मोठा अभ्यास काढला. त्यात खोदाईआधी, चालू असताना आणि नंतर पाणी तपासायचं ठरलं होतं. लुइझियाना आणि पेनसिल्व्हेनियातल्या जागाही ठरल्या. तो भाग झालाच नाही! डिसेंबर २०१६ च्या अहवालात लिहावं लागलं की पाण्यावर परिणाम होऊ शकतो, पण देशभरात किती वेळा होतो ते माहितीअभावी सांगता येत नाही. एवढा देश, एवढा पैसा, आणि बाटली भरून ठेवली नाही.

(श्रोत्यांतून: मग काय कोळसा जाळायचा का?)

नाही, साहेब. मी गॅसच्या विरोधात बोलत नाही. अमेरिकेत कोळशाची वीज मागे हटली त्यात या गॅसचा मोठा वाटा आहे. लुइझियानाच्या सबाइन पास बंदरातून गेल कंपनीच्या दीर्घ कराराचं पहिलं जहाज मार्च २०१८ मध्ये आपल्या दाभोळला लागलं. तो गॅस आपणही जाळतो. म्हणूनच तो कोणाच्या विहिरीशेजारून आला, हे विचारायचा आपल्याला अधिकार आहे, आणि ते आपलं कामही आहे.

(अध्यक्षांकडून चिठ्ठी.) पाच मिनिटं म्हणताहेत. मग मिथेनगळती आणि हवामानाचा भाग सोडतो, ओक्लाहोमा मात्र सोडत नाही. तिथे तेल-वायूसोबत वर येणारं खारं पाणी खोल विहिरींत परत ढकलत. २००८ पूर्वी तीन रिश्टरच्या वरचे भूकंप वर्षाला एक-दोन. २०१५ मध्ये नऊशेच्या आसपास. सप्टेंबर २०१६ मध्ये पॉनीला ५.८ चा धक्का बसला. तरी हे कशामुळे, हा वाद तिथे लवकर मिटला. राज्यानं पाणी ढकलण्यावर मर्यादा घातल्या, भूकंप कमी झाले. वाद मिटला, कारण भूकंपमापक आधीपासून बसवलेले होते. आधीची नोंद होती!

डिमॉकला अशी नोंद नव्हती. तिथे कंपनीनं फौजदारी खटल्यात आरोप न लढवता नळपाणी योजनेसाठी एक कोटी साठ लाख डॉलरांहून जास्त द्यायचं मान्य केलं, ते नोव्हेंबर २०२२ मध्ये. स्फोटानंतर जवळजवळ चौदा वर्षांनी.

आपल्याकडे भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. मोजायची सवय आपल्याला आहे. ओएनजीसीनं दुर्गापूरजवळ इच्छापूरला शेल गॅसची विहीर २०१०-११ मध्येच घेतली आहे. खंबातचं खोरं, कृष्णा-गोदावरीचं खोरं यांचीही नावं सरकारी धोरणात आहेत. तिथे उद्या यंत्रं येतील. तेव्हा परिसरातल्या प्रत्येक विहिरीचं पाणी आधी वर्षभर, चारही वेळा, कंपनीच्या पैशानं पण कंपनीबाहेरच्या प्रयोगशाळेतून तपासलं गेलं पाहिजे आणि अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे. तुमच्यात गुजरात, आंध्र, बंगालमध्ये नातेवाईक असलेले पुष्कळ असतील. त्यांना आज रात्रीच फोन करा आणि सांगा, पहिली बाटली भरल्याशिवाय परवानगीच्या ठरावावर हात वर करू नका.