‘ढ’ म्हणण्यापूर्वी



जिंतूरचे आपले मूल उर्दू उजवीकडून वाचते, मराठी डावीकडून. बहुतेकांना हे साधते. एखाद्याला मात्र अक्षर व उच्चार यांची जोड काही केल्या बसत नाही. त्याला आपण ‘ढ’ म्हणतो. ही मंदबुद्धी नव्हे, अध्ययन अक्षमता होय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत तिची गणना आहे. प्रमाणपत्र असल्यास दहावीला जादा वेळ मिळू शकतो.

स्मार्ट फळ्यावर अक्षर मोठे दिसते, उच्चार ऐकू येतो, धडा पुन्हा लावता येतो. यंत्र रागावत नाही. परंतु मूल कुठे अडते, हे शिक्षकानेच पाहावे. आणि पालकांनी तपासणीची लाज सोडावी.